अपील म्हणजे खटला नव्याने चालवणं नव्हे : अमेरिकेतली फेडरल अपील कोर्टं काय करतात

नाशिकच्या एका ताईंनी विचारलं आहे. त्यांचा धाकटा भाऊ न्यू जर्सीत एका कंपनीत होता. वंशावरून भेदभाव झाला आणि तक्रार केल्यावर कामावरून काढलं, असा त्याचा दावा. नेवार्कच्या फेडरल, म्हणजे केंद्राच्या, डिस्ट्रिक्ट कोर्टाने ज्युरी न बसवताच, कागदपत्रं पाहून, 'समरी जजमेंट' देऊन दावा निकाली काढला. त्याला तीन आठवडे झाले. ताई विचारतात : अपील कोर्टात सगळं नव्याने मांडता येईल का? दोन जुने सहकारी आता साक्ष द्यायला तयार झाले आहेत, त्यांना उभं करता येईल का? आणि तिथेही नाही जमलं तर सुप्रीम कोर्ट आहेच ना?

ताई, तुमच्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तुम्ही जाता जाता लिहिली आहे : तीन आठवडे झाले. खाजगी पक्षांमधल्या दिवाणी दाव्यात अपिलाची नोटीस निकाल नोंदवल्यापासून ३० दिवसांच्या आत द्यावी लागते. सरकार पक्षकार असेल तर ६० दिवस मिळतात. फौजदारी खटल्यात आरोपीला फक्त १४. म्हणजे तुमच्या भावाच्या हातात आठवड्याहून थोडे जास्त दिवस उरले आहेत. ही नोटीस म्हणजे एक-दोन पानांचा कागद. ती अपील कोर्टात नव्हे, जिथे हरलो त्याच डिस्ट्रिक्ट कोर्टात दाखल होते आणि सोबत ६०५ डॉलर भरावे लागतात. कारणं, मुद्दे, दाखले हे सगळं नंतरचं काम. आधी हा कागद.

'आपल्याकडे विलंब माफीचा अर्ज करतात, तसं इथेही होईल' असं मानून बसू नका. मुदतवाढ मागता येते, पण तिचं दार अरुंद आहे आणि तेही लवकर मिटतं. ओहायोतल्या बोल्स नावाच्या कैद्याची गोष्ट मी प्रत्येक नव्या अशिलाला सांगतो. कायद्याप्रमाणे त्याला अपिलासाठी १४ दिवसांची वाढीव मुदत मिळू शकत होती. न्यायाधीशाने आदेशात चुकून १७ दिवस लिहिले. त्याच्या वकिलाने त्या १७ दिवसांच्या आत, पण १४ दिवसांनंतर नोटीस दिली. सुप्रीम कोर्टाने २००७ मध्ये पाच विरुद्ध चार मतांनी सांगितलं की मुदत संसदेने कायद्यात घातलेली आहे, ती वाढवण्याचा अधिकार न्यायाधीशालाही नव्हता, म्हणून अपील बाद. चूक न्यायाधीशाची आणि दार बंद झालं कैद्याचं. मला तो निकाल आजही अन्यायाचा वाटतो, पण कायदा तोच आहे.

आता मुख्य प्रश्न. नाही, अपील कोर्टात सगळं नव्याने मांडता येत नाही. आपल्याकडे दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ९६ खालचं पहिलं अपील असतं, त्यात वरचं कोर्ट पुरावाही पुन्हा तपासतं आणि वस्तुस्थितीवर स्वतःचं मत देतं. तीच कल्पना मनात धरून इथे आलं की निराशा पदरी पडते. इथलं फेडरल अपील स्वभावाने आपल्या कलम १०० च्या दुसऱ्या अपिलाला जवळचं आहे : कायद्याचा प्रश्न काय, तेवढं बोला.

तिथे ज्युरी नसते, साक्षीदाराचा पिंजरा नसतो, नवा कागद स्वीकारणारा कारकून नसतो. तीन न्यायाधीश असतात आणि 'रेकॉर्ड' असतं. खालच्या कोर्टात जे दाखल झालं, जे बोललं गेलं आणि टंकलिखित झालं, तेवढंच रेकॉर्ड. त्याबाहेरचं जग अपील कोर्टासाठी जवळजवळ नसतंच. त्या दोन सहकाऱ्यांची शपथपत्रं समरी जजमेंटच्या अर्जाला उत्तर देताना दाखल झाली होती का? नसतील, तर त्यांची साक्ष कितीही खरी असली तरी अपिलात तिचा उपयोग नाही. नव्या पुराव्यासाठी अर्ज करायचा तो डिस्ट्रिक्ट कोर्टाकडेच, आणि 'हा पुरावा आधी का आणता आला नाही' याचं पटणारं उत्तर लागतं. साक्षीदार तेव्हा घाबरले होते, हे कारण सहसा पुरत नाही. निकालानंतर २८ दिवसांत असा फेरविचाराचा अर्ज गेला, तर त्याचा निर्णय होईपर्यंत अपिलाचं घड्याळ थांबतं. तेव्हा हा पर्याय वकिलाला विचारायचा असेल तर तोही याच आठवड्यात.

माझ्याकडे काही वर्षांपूर्वी एक गृहस्थ आले होते. चौदाशे पानांचं रेकॉर्ड होतं. ते मी दोन आठवडे वाचलं. मग त्यांनी फोन काढून वरिष्ठाची एक ईमेल दाखवली. तीन ओळींची. त्या तीन ओळी ज्युरीपुढे गेल्या असत्या तर खटला उलटला असता, असं मला आजही वाटतं. ती ईमेल चौदाशे पानांत कुठेच नव्हती. आधीच्या वकिलाने मागितली नाही, यांनी दिली नाही. मी त्यांना सांगितलं की ही मला वापरता येणार नाही. ते बराच वेळ फोनकडे बघत बसले. तेव्हापासून नोकरीच्या तंट्यात सापडलेल्या प्रत्येकाला मी सांगत आलो आहे : अपील जिंकायचं असतं ते खालच्या कोर्टात. हरकत तिथे घ्या, कागद तिथे दाखल करा, मुद्दा तिथे लेखी मांडा. तिथे न मांडलेला मुद्दा वरच्या कोर्टात सोडून दिलेला मानला जातो.

पण ताई, तुमच्या भावाच्या बाबतीत एक गोष्ट खरोखर अनुकूल आहे, आणि ती समजण्यासाठी अपील कोर्ट कोणती मापं लावतं हे थोडं पाहावं लागेल. सगळ्या चुका एकाच काट्यावर तोलल्या जात नाहीत. खालच्या न्यायाधीशाने साक्षीदार समोर ऐकून वस्तुस्थितीबद्दल काही निष्कर्ष काढला असेल, तर तो उघडउघड चूक असल्याशिवाय वरचं कोर्ट हात लावत नाही. 'उघडउघड' म्हणजे किती? सातव्या सर्किटने (सर्किट म्हणजे फेडरल अपील कोर्टाचा विभाग) १९८८ मध्ये एका निकालात लिहिलं की निष्कर्ष नुसता चुकीचा वाटून भागत नाही, पाच आठवडे फ्रिजबाहेर पडलेल्या मेलेल्या माशासारखी ती चूक जाणवली पाहिजे. वकिलांच्या तोंडी ते वाक्य आजही आहे. तारखा, मुदती, कोणता पुरावा घ्यायचा असले खटला चालवण्याचे निर्णय न्यायाधीशाच्या विवेकाधीन. ते फिरवायला विवेकाचा गैरवापर दाखवावा लागतो, म्हणजे तेही कठीणच. आणि तिसरं माप शुद्ध कायद्याच्या प्रश्नाचं. तिथे अपील कोर्ट खालच्या न्यायाधीशाच्या मताला जराही झुकतं माप देत नाही. पाटी कोरी करून स्वतः विचार करतं.

समरी जजमेंट या तिसऱ्या मापात येतं. 'वादाची अशी कुठली खरी वस्तुस्थितीच नाही, मग ज्युरी कशाला' हा तो निर्णय. आणि तो बरोबर की चूक हे तीन न्यायाधीश नव्याने ठरवतात. शिवाय रेकॉर्डमधला पुरावा हरलेल्या बाजूला, म्हणजे तुमच्या भावाला, अनुकूल अशा नजरेने वाचतात. ज्युरीपुढे हरून आलेल्या माणसापेक्षा त्याची जागा बरीच बरी आहे. जिंकला तरी लगेच पैसे हातात पडतील असं समजू नका. बहुधा केस नेवार्कला परत जाईल आणि तिथे ज्युरी बसेल. एकूण सगळ्या फेडरल अपिलांचा हिशेब केला तर निकाल फिरण्याचं प्रमाण दहा टक्क्यांच्या खाली आहे. हेही तुम्हाला कळायलाच हवं.

न्यू जर्सी येतं तिसऱ्या सर्किटमध्ये. पेनसिल्वेनिया, डेलावेअर आणि व्हर्जिन बेटंही त्यातच. कोर्ट फिलाडेल्फियाला मार्केट स्ट्रीटवर. 'सर्किट' हा शब्द फेरीवरून आला. १७८९ च्या कायद्याने सुप्रीम कोर्टाच्या न्यायमूर्तींनाच गावोगाव फिरून खटले ऐकायला लावलं होतं, घोड्यावर आणि घोडागाडीत, खराब रस्त्यांवरून. एकाच माणसाने खाली खटला ऐकायचा आणि मग राजधानीत त्याच निकालावरचं अपीलही ऐकायचं, असंही व्हायचं. शंभर वर्षं तक्रारी झाल्या. अखेर १८९१ मध्ये संसदेने वेगळी अपील कोर्टं स्थापन केली, तेव्हा नऊ. आज तेरा आहेत : अकरा क्रमांकांची, एक राजधानी वॉशिंग्टनचं आणि एक फेडरल सर्किट, जे भूगोलावर नव्हे तर विषयावर चालतं, देशभरातली पेटंटची अपिलं तिथे जातात. कायद्याने मंजूर न्यायाधीश एकूण १७९. कॅलिफोर्नियासह पश्चिमेची नऊ राज्यं सांभाळणाऱ्या नवव्या सर्किटला २९, तर बॉस्टनच्या पहिल्या सर्किटला फक्त सहा.

एक गैरसमज इथेच दूर करतो, कारण माझ्याकडे येणारे निम्मे लोक तो घेऊन येतात. फेडरल अपील कोर्ट राज्याच्या कोर्टांच्या वर नाही. न्यू जर्सीच्या राज्य न्यायालयात घटस्फोट, घरभाडं, जमीन असा खटला हरलात तर त्या राज्याचीच अपिलाची शिडी चढायची. तालुका, जिल्हा, उच्च न्यायालय अशी आपल्यासारखी एकच उतरंड इथे नाही. दोन उतरंडी शेजारी शेजारी उभ्या आहेत. तुमच्या भावाचा दावा फेडरल कायद्याखाली फेडरल कोर्टात दाखल झाला, म्हणून तो या वाटेवर आहे.

आता सुप्रीम कोर्ट 'आहेच', असं तुम्ही लिहिता त्याबद्दल. ताई, नाही. १९२५ च्या कायद्यानंतर तिथली बहुतेक प्रकरणं कोर्टाच्या मर्जीवर आहेत. अपील कोर्टांकडे वर्षाला सुमारे ४० हजार प्रकरणं येतात. सुप्रीम कोर्ट वर्षात साठेक प्रकरणांत युक्तिवाद ऐकतं. म्हणजे तुमच्या भावासारख्या माणसासाठी शेवटचं कोर्ट फिलाडेल्फियातलंच. दिल्लीत विशेष अनुमती याचिका करून पाहू, निदान ऐकून तरी घेतील, तसला भरवसा इथे ठेवू नये. सुप्रीम कोर्ट निकाल चुकला म्हणून सहसा हात घालत नाही. दोन सर्किटांनी एकाच कायद्याचे दोन अर्थ लावले, की मग त्याला लक्ष घालावंसं वाटतं.

हा फरक कागदावरचा नाही. एडिसनहून सकाळी ट्रेनने हडसन ओलांडून मॅनहॅटनला कामाला जाणारी मराठी माणसं हजारो आहेत. नदीच्या अलीकडे तिसरं सर्किट, पलीकडे दुसरं. संसदेने केलेला कायदा तोच, पण त्याचा अर्थ दोन्ही तीरांवर वेगळा असू शकतो आणि तो वर्षानुवर्षं तसाच राहू शकतो. तुमच्या भावाच्या विषयातलं उदाहरण घ्या. नोकरीतल्या भेदभावाच्या पुराव्याची मूळ चौकट सुप्रीम कोर्टाने १९७३ मध्ये घालून दिली. पण कंपनीने सांगितलेलं कारण हा बहाणा आहे हे समरी जजमेंटच्या टप्प्यावर कसं दाखवायचं, याची न्यू जर्सीतली रोजच्या वापरातली कसोटी तिसऱ्या सर्किटच्या १९९४ च्या 'फ्युएन्टेस विरुद्ध पर्स्की' या निकालातून येते : कंपनीच्या कारणातले कच्चे दुवे, विसंगती, परस्परविरोध दाखवा, इतके की समंजस माणसाला ते कारण पटू नये. भावाच्या वकिलाचं ब्रीफ, म्हणजे लेखी युक्तिवाद, याच निकालाभोवती उभं राहील.

तीन न्यायाधीशांच्या पॅनेलने छापून प्रसिद्ध केलेला निकाल त्या सर्किटमधल्या पुढच्या प्रत्येक पॅनेलला बांधतो. त्यांना तो आवडो न आवडो. तो बदलायचा तर त्या कोर्टाचे सगळे कार्यरत न्यायाधीश एकत्र बसावे लागतात, त्याला 'एन बांक' म्हणतात, आणि ते क्वचितच होतं. नवव्या सर्किटमध्ये तर सगळे न बसता अकरा जण बसतात. आपल्या घरांशी याचा थेट संबंध आला तो राजधानीच्या सर्किटमध्ये. शिक्षण संपल्यावर ओपीटीवर, म्हणजे विद्यार्थी व्हिसावरच, काही काळ काम करण्याची मुभा बेकायदा आहे, असं म्हणत 'वॉशटेक' ही कामगार संघटना कोर्टात गेली होती. २०२२ मध्ये त्या सर्किटने मुभा कायम ठेवली आणि पुढच्या वर्षी सुप्रीम कोर्टाने प्रकरण ऐकायलाच नकार दिला. मग २०२४ मध्ये एच-१बी नोकरदारांच्या, एच-४ व्हिसावरच्या जोडीदारांच्या वर्क परमिटचं प्रकरण त्याच कोर्टात आलं. त्याच सुमारास सुप्रीम कोर्टाने, सरकारी खात्याने लावलेल्या अर्थाला मान देण्याचं १९८४ पासूनचं 'शेव्हरॉन' तत्त्व मोडीत काढलं होतं, त्यामुळे विरोधकांना वाटलं की आता बाजी पलटेल. पॅनेलने सांगितलं की वॉशटेकचा निकाल त्या तत्त्वावर उभाच नव्हता, तो आम्हाला बांधतो, आणि वर्क परमिट टिकलं. किती मराठी घरांतली दुसरी मिळकत त्या निकालावर अवलंबून होती, हे मला माझ्याच ओळखीतून माहीत आहे.

कधीकधी वरच्या कोर्टाचं गप्प राहणंच सगळं ठरवतं. ऑक्टोबर २०१४ मध्ये समलिंगी विवाहाची प्रकरणं चौथ्या, सातव्या आणि दहाव्या सर्किटकडून वर गेली होती. सुप्रीम कोर्टाने ती घेतली नाहीत. त्या एका नकाराने तिथले अपील कोर्टांचे निकाल अंतिम झाले आणि लोकांची लग्नं लागू लागली. पुढच्याच महिन्यात सहाव्या सर्किटने उलटा निकाल दिला. आता दुफळी झाली, म्हणून सुप्रीम कोर्टाला प्रकरण घ्यावं लागलं आणि देशभर समलिंगी विवाहाला मान्यता देणारा २०१५ चा निकाल आला.

आणि या कोर्टांवर माझा जीव आहे तो १९६२ च्या एका निकालामुळे. टेक्सासपासून फ्लोरिडापर्यंतची दक्षिणेची सहा राज्यं तेव्हा पाचव्या सर्किटमध्ये होती. जेम्स मेरेडिथ या हवाई दलातून परतलेल्या कृष्णवर्णीय तरुणाने मिसिसिपी विद्यापीठात प्रवेश मागितला. डिस्ट्रिक्ट जज्जाने निष्कर्ष काढला की प्रवेश वंशामुळे नाकारलेला नाही. हा वस्तुस्थितीचा निष्कर्ष होता. मी वर सांगितलं तसं, वरचं कोर्ट याला सहसा हात लावत नाही. पण न्यायाधीश जॉन मायनर विस्डम यांनी रेकॉर्ड पानापानाने वाचलं : प्रवेशाच्या अटी कशा आणि केव्हा बदलल्या, कोणतं पत्र कधी गेलं, कशाला उत्तरच दिलं नाही. मिसिसिपीत वंशभेदाचं धोरण आहे हे सगळ्यांना ठाऊक आहे आणि कोर्टाने ते ठाऊक नसल्याचं सोंग घेऊ नये, हेही त्या प्रकरणात कोर्टाने नोंदवलं. जून १९६२ मध्ये दोन विरुद्ध एक मताने निकाल फिरला. त्याच कोर्टातल्या मिसिसिपीच्या एका न्यायाधीशाने पुन्हा पुन्हा स्थगिती दिली. अखेर सुप्रीम कोर्टाचे न्यायमूर्ती ह्यूगो ब्लॅक यांनी ती उठवली. दंगल झाली, दोन माणसं मेली आणि १ ऑक्टोबरला मेरेडिथ यांचं नाव पटावर चढलं. रेकॉर्ड नीट वाचणं म्हणजे काय, हे मी त्या निकालातून शिकलो.

या कोर्टांच्या मर्यादाही सांगायला हव्यात, कारण त्यांनी काय पाहावं हे संसद ठरवते. २०२२ च्या 'पटेल विरुद्ध गारलंड' प्रकरणात जॉर्जियातल्या एका भारतीय माणसाने ड्रायव्हिंग लायसन्सच्या अर्जावर आपण नागरिक आहोत या चौकटीत खूण केली होती. तो म्हणाला, चुकून झाली. इमिग्रेशन न्यायाधीशाने विश्वास ठेवला नाही. सुप्रीम कोर्टाने पाच विरुद्ध चार मतांनी सांगितलं की हद्दपारीतून सूट मागणाऱ्या अशा अर्जातली वस्तुस्थिती अपील कोर्टाला तपासताच येत नाही. ती चुकीची असली तरी.

नोटीस दिल्यानंतर काय होतं ते थोडक्यात. लेखी ब्रीफ, कमाल १३ हजार शब्दांचं. सोबत रेकॉर्डमधल्या निवडक पानांचं अपेंडिक्स. खरी लढाई इथेच होते. वकिलाच्या बिलातला मोठा हिस्सा या लेखनाचा असतो आणि तो वाजवी आहे. समोरची बाजू उत्तर देते, मग आपण प्रत्युत्तर. तोंडी युक्तिवाद होईलच असं नाही. बरीच प्रकरणं कागदावरच निकाली निघतात. झाला तर प्रत्येकी पंधरा-वीस मिनिटं. उंच टेबलावर छोटे दिवे असतात, हिरवा, पिवळा, लाल. माझ्या पहिल्या युक्तिवादात मी दुसरं वाक्य पुरं करायच्या आत मधल्या न्यायाधीशांनी विचारलं, "अपेंडिक्सच्या पान ४१२ वर तुमचा अशील जे म्हणतो, त्याचं काय?" त्या पानावर आमच्या विरुद्ध जाणारी एक ओळ होती आणि त्यांना ती सापडली होती. उरलेला सगळा वेळ त्या एका ओळीवर गेला. भाषण ठोकायची ती जागा नाही. तिघांनीही सगळं वाचलेलं असतं आणि त्यांना अडलेल्या ठिकाणचं उत्तर हवं असतं.

निकालाला साधारण वर्ष लागतं, कधी जास्त. निकालाच्या माथ्यावर 'प्रिसिडेन्शियल' किंवा 'नॉट प्रिसिडेन्शियल' लिहिलेलं असेल. बहुतेकांवर दुसरं असतं, म्हणजे तो तुमच्या भावापुरता, पुढच्यांना बांधणारा नाही. हरलो तर समोरच्याचा किरकोळ कोर्टखर्च भरावा लागू शकतो, त्याच्या वकिलाची फी सहसा नाही. तिसऱ्या सर्किटच्या संकेतस्थळावर युक्तिवादांचं ध्वनिमुद्रण मोफत ऐकता येतं. नोकरीच्या भेदभावाचं एखादं प्रकरण नाशिकला बसून ऐका, भावालाही ऐकवा. वकील निवडताना त्याचा उपयोग होईल.

पण त्याआधी आज संध्याकाळी, न्यू जर्सीत सकाळ झाली की, भावाला फोन करा. निकाल डॉकेटवर, म्हणजे कोर्टाच्या प्रकरण-नोंदवहीत, नोंदवला गेल्याची तारीख विचारा. त्याला ईमेल मिळाली ती तारीख नको, वकिलाने सांगितलं ती नको. डॉकेटवरची. तिथून तीस मोजा.